एकतीस आणि बत्तीस

बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. प्रयोगशाळेत थट्टा चालायची, की त्यांनी लेबल लावलेली नळी हरवली तर आपल्या पायांनी परत येईल.

कॅन्सरच्या जनुकांवर बाईंनी बारा वर्षं काम केलं. आईकडून मुलींकडे उतरणारा एक दोष त्या रक्तात शोधत. त्या काळात दोन सख्ख्या बहिणी एकाच दिवशी रक्त देऊन गेल्या. थोरलीचा नंबर एकतीस, धाकटीचा बत्तीस. निकाल बाईंनीच सांगितला : थोरलीत दोष नाही, धाकटीत आहे. धाकटीने मन घट्ट करून दोन्ही स्तन काढून घेतले. थोरली जिन्यात बाईंचे हात धरून म्हणाली होती, "आता मी निवांत झोपेन."

तीन वर्षांत थोरलीच कॅन्सरने गेली. दोष नसतानाही हा आजार होतो, असं बाईंनी तिच्या घरच्यांना समजावलं, आणि स्वतःलाही. पण जिन्यातलं ते वाक्य पाठ सोडेना. नमुने गरगर फिरवणारं यंत्र मंदावत थांबायला आलं, की त्याच्या घरघरीत ते ऐकू यायचं. शेवटी त्यांनी विभागच बदलून घेतला. "एन्झाइमच्या कामात माणसं मरत नाहीत," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तिथे त्यांचा जम बसला. कपड्यांवरचे डाग खाणारं एक, फळांचा रस नितळ करणारं दुसरं, अशी एन्झाइमं त्यांनी घडवली. आठव्या वर्षी एक वेगळंच हाती लागलं. तोच जुना दोष असेल तर हे एन्झाइम जनुक नेमकं तिथेच कापायचं, नसेल तर सोडून द्यायचं. पारखून पाहायला बाईंनी फ्रीजरमधलं जुनं, उरलेलं रक्त काढलं.

चाळीसपैकी अडतीस नमुने जुन्या निकालांशी तंतोतंत जुळले. एकतीस आणि बत्तीस उलटे आले.

बाईंनी खापर एन्झाइमवर फोडलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग पहिल्या तपासणीच्या वेळी रक्तातून वेगळा काढून ठेवलेला डीएनए शोधला आणि रक्ताशी ताडून पाहिला. नर्सने रक्ताच्या नळ्यांवर नंबराबरोबर रक्तगटही लिहिले होते. आतल्या रक्ताशी ते जुळले, म्हणजे रक्ताची अदलाबदल झाली नव्हती. चूक पुढची, डीएनए काढतानाची होती. डीएनएच्या नळीवर त्यांच्याच हातचं एकतीस होतं आणि आत धाकटी होती.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. "गेलेलं माणूस परत येणार नाही. हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

"थोरलीला मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "चोवीस वर्षांची. आईचा निकाल चांगला, म्हणून तिने तपासणीच केलेली नाही."

प्रमुखांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी सगळं लिहून दिलं आणि तशाच धाकटीकडे गेल्या.

धाकटी इस्त्री करत होती. ऐकता ऐकता तिने बटण बंद केलं.

"म्हणजे माझं जे काढलं, ते उगाच?"

"हो."

"मूलही होऊ दिलं नाही मी. माझ्या पोटी हे नको म्हणून."

बराच वेळ धाकटी शर्टाची कॉलर नुसतीच सरळ करत राहिली.

"ताई शेवटी शेवटी विचारायची, तो कागद नक्की माझाच होता का गं? मी म्हणायचे, वेडी आहेस. बाईंची चूक व्हायची नाही."

या घरात रडायचा हक्क आपला नाही, असं बाईंना वाटलं.

"भाचीला मी नेते तपासायला," धाकटी म्हणाली. "तुम्ही तिच्या रक्ताला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

भाचीचं रक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलं. दोष निघाला, गाठ मात्र अजून नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता दर सहा महिन्यांनी दाखवत जा. बाईंची चौकशी झाली, ठपका आला, तो त्यांनी मान खाली घालून घेतला. त्यांचं एन्झाइम पुढे तपासणीसाठी वापरू लागले. त्याबद्दलच्या सत्काराला बाई गेल्या नाहीत.

वर्षातून दोनदा, भाचीच्या तपासणीच्या दिवशी, त्या रजा टाकून घरी बसतात. दुपार कलता कलता धाकटीचा फोन येतो. "ठीक आहे," एवढंच ती म्हणते, आणि बाई काही बोलायच्या आत फोन ठेवते.