'गिरिजा' कुठं पोचली

साकेत नोकरीला होता ती 'गिरिजा' म्हणजे लहानशी मालवाहू बोट. लांबी नव्वद मीटर, पोटात दोन मोठी कोठारं. त्यांत कधी कोळसा, कधी गहू, नुसता सुटा ओतलेला. त्याच्या बायकोला, योगिताला, हे सगळं तोंडपाठ होतं. नवनगरातल्या घरात सकाळचा चहा उकळेपर्यंत ती मोबाईलवर, जहाजं कुठं आहेत ते दाखवणाऱ्या नकाशात, बोट शोधायची. पाण्यात किती बुडालीय या तिथल्या आकड्यावरून ती भरलेली की रिकामी, हेही ओळखायला शिकली होती.

"आई, कोलंबो सोडलं त्यांनी," ती सासूला सांगायची. सुमनबाई देवापुढं हात जोडायच्या.

दिवाळीनंतर गिरिजा गोव्याच्या बंदराला लागली. योगितानं लगेच रजा टाकली.

"बंदरात कुणाला आत सोडत नाहीत गं," सुमनबाई म्हणाल्या. "उगी कशाला जातीस? त्याला आधी कळवू तरी."

"न कळवताच जाते. बघू तोंड कसं होतं ते."

पेढे घेऊन तिनं गोव्याची बस धरली.

बंदराच्या फाटकाबाहेर बोटीवरचा आचारी दीपक भाजी घेऊन परतत होता. तिच्या लग्नाला आलेला, म्हणून तिनं ओळखला. साकेतचं नाव काढताच तो गोंधळला.

"वहिनी, ते तर होळीलाच उतरले. पुन्हा चढले नाहीत."

तिनं तिथूनच फोन लावला. "कुठं आहात?"

"बोटीवर. माल उतरतोय, नंतर बोलतो."

"मी फाटकाशी उभी आहे. शेजारी दीपक आहेत."

मग साकेत म्हणाला, "मी इथंच, वास्कोत असतो. एकटा नाही. आईनं सांगितलं नाही तुला?"

आज लाटा फार आहेत, म्हणून फोनवर सांगणारा हा माणूस तिच्यासारखाच मोबाईलवर बोट बघत बसत होता. पण तिला त्याच्याहून जास्त लागलं ते शेवटचं वाक्य.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

सुमनबाईंनी मान खाली घातली. "गुढीपाडव्यापासून."

"आणि मी रोज सांगायची, तेव्हा हात कुणासाठी जोडत होतात?"

"तू गेली असतीस तर मी एकटी पडले असते, योगिता."

योगितानं कपाटातले चार कपडे पिशवीत भरले. रायापूरला तिची बहीण राहत होती.

"जेवून तरी जा," सुमनबाई म्हणाल्या.

"नको," म्हणून ती जिना उतरली.