आजोबा की डबी?

नुकतीच जन्मलेली नात दवाखान्यातून घरी आली आणि नेमका तेव्हाच आजोबांना खोकला लागला. खोकला साधाच, पण घरात तान्हं बाळ, म्हणून डॉक्टरांनी थुंकी तपासून घ्यायला सांगितली. मुलगा थुंकीची डबी लॅबमध्ये देऊन आला. पुढे लॅबचा फोन आला, तोही त्यानेच घेतला आणि ठेवता ठेवता जाहीर केलं, "बाबा, तुम्ही इन्फेक्टेड आहात. बाळापासून लांब राहा."

झालं. आजोबांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, खोलीचं दार ओढून घेतलेलं. पलीकडे नात रडायची आणि इकडे तिला घ्यायला हात शिवशिवत असताना हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा. मनातून पार तुटला होता.

"नक्की काय शब्द वापरला लॅबवाल्यांनी?" एकदा त्यांनी दाराआडून विचारलं.

"कंटॅमिनेटेड. म्हणजे तेच ना!"

ज्याने उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली, ज्याला तिथले लोक 'कानामात्रा' म्हणून चिडवायचे, त्याला "म्हणजे तेच" सांगायचं? आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तेच? अरे, शर्टावर चहा सांडला तर शर्ट आजारी पडतो का? कंटॅमिनेटेड म्हणजे चांगल्या वस्तूत बाहेरचं काहीबाही गेलं. इन्फेक्टेड म्हणजे अंगात रोग शिरला. ते माझ्याबद्दल बोलत होते की डबीबद्दल?"

"बाबा, शब्दाचा कीस पाडू नका हो. बाळाचा प्रश्न आहे."

"बाळाचा आहे म्हणूनच पाडतोय!"

तोंडाला मास्क लावून आजोबा तडक लॅबमध्ये गेले. तिथली मुलगी हसली. "अहो आजोबा, तुम्ही नाही, तुमचं सॅम्पल कंटॅमिनेटेड होतं. डबीत धूळ गेली होती, तपासणीच करता आली नाही. पुन्हा पाठवा म्हणून सांगत होते, तर तुमच्या मुलाने फोनच ठेवून दिला."

या खेपेला डबी आजोबांनी स्वतः नेऊन दिली. रिपोर्ट आला. रोगबिग काही नव्हता.

रिपोर्ट हातात धरून ते बैठकीच्या खोलीत उभे राहिले. सून बाळाला थोपटत होती, मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"माझ्याच घरात मला वाळीत टाकलंत," आजोबा म्हणाले. "अर्धा फोन ऐकून! आणि मला एक सांग, मी झाकण घट्ट लावून दिलं होतं. धूळ गेली कशी?"

मुलाने मान खाजवली. "वाटेत जरा उघडून बघितलं होतं. पुरेसं आहे का म्हणून."

"वाटेत म्हणजे कुठे?"

"पेट्रोल पंपावर."

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. सून उठली, त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने आजोबांचं बोट मुठीत धरलं. मुलगाही ओशाळं हसत बाळाचा गाल कुरवाळायला वाकला.

"थांब," सून नवऱ्याला म्हणाली, "आधी तू हात धुऊन ये."