सातव्या गाण्यातला आवाज

अल्बम येऊन सोळा दिवस झाले होते आणि कौतुक ऐकून ऐकून महेश्वरीचे कान किटले होते. ‘कोंडी’ असं त्याचं नाव. नऊ गाणी. विरेशचं फाटक्या आवाजात ओरडणारं गिटार, शिवराजचे ड्रम आणि त्यावर महेश्वरीचं रॅप, मराठीत सुरू होऊन मध्येच कानडीत शिरणारं. विरेशच्या मामाच्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये भिंतींना गाद्या टेकवून तिघांनी सात महिने खपून ते रेकॉर्ड केलं होतं. पहिल्या आठवड्यात ओळखीपाळखीच्या लोकांनी ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या कुणीतरी सातवं गाणं आपल्या व्हिडिओला लावलं आणि मग आकडा तासातासाला फुगत गेला. बेळगावहून, नागपूरहून, दुबईहून मेसेज यायला लागले. पुण्यात एका मोठ्या मैदानावर होणाऱ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. ज्या लॅबमध्ये महेश्वरी रक्त तपासायची तिथले डॉक्टर पेशंटना तिच्याकडं बोट दाखवून सांगायचे, ही बघा, ही तीच.

हे सातवं गाणं तिच्या मावशीचं होतं. नागव्वा मावशी सोलापूर शहराबाहेरच्या एका शीतगृहात बेदाणा निवडायला जायची. दीड वर्षापूर्वी तिथला गॅस फुटला. पुढच्या दाराकडं धूर होता आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. चार बाया गेल्या, त्यात मावशी होती. चौकशी झाली, कागद झाले, आणि कुलूप कुणी लावलं हे कुठल्याच कागदावर आलं नाही.

ते महेश्वरीला कळलं तिप्पण्णाकडून. तिप्पण्णा तिथला वॉचमन. मावशीच्या वर्षश्राद्धाला तो कोपऱ्यात बसला होता, जेवला नाही, आणि सगळे गेल्यावर तिला म्हणाला, मला जरा बोलायचं हाय. पुढच्या रविवारी कुंभारीच्या घरकुलात, त्याच्या घरी, तो चाळीस मिनिटं बोलला. तिनं मोबाइल पुढं धरला होता. रेकॉर्ड करू का म्हणून विचारलंही होतं. तो म्हणाला होता, कर, तुझ्या मावशीसाठी कर. त्याचं गाणं होणार आहे हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत ते राहूनच गेलं.

त्या चाळीस मिनिटांतले अकरा सेकंद गाण्याच्या शेवटी होते. सगळी वाद्यं थांबायची आणि म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज यायचा: “कुलूप मीच लावलं. माज्या हातानं लावलं. आत समद्या बाया हुत्या.” आणि त्यावर विरेशचं गिटार कोसळायचं. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. तसं हजारोंनी लिहिलंही होतं.

सतराव्या दिवशी विरेशचा फोन आला. तो साउंड सिस्टिमच्या दुकानात बसायचा. एक पांढऱ्या शर्टातला माणूस आला होता म्हणाला. स्पीकर बघितले, काही घेतलं नाही. जाताना अगदी नम्रपणे विचारलं, की त्या गाण्यातला तो म्हातारा कोण आहे, आम्हाला भेटायचंय. विरेशनं माहीत नाही म्हणून सांगितलं. तो माणूस हसला आणि म्हणाला, असू दे, सापडेल.

महेश्वरीच्या हातात त्या वेळी रक्ताची नळी होती. तिनं ती स्टँडमध्ये ठेवली. शीतगृहाच्या मालकाचा हात कुठवर पोचतो हे सोलापुरात कुणाला सांगायला नको होतं. आणि तिप्पण्णाचा आवाज एकदा ऐकला की विसरण्यातला नव्हता. बोलताना मध्येच त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. गॅसनं त्याचीही छाती गेली होती.

तिनं त्याला फोन लावला. बंद. संध्याकाळपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच्या बायकोचा, कमलम्माचाच फोन आला. कमलम्मा रडत नव्हती, त्याचीच महेश्वरीला जास्त भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, की हे काल सकाळी घरातून गेलेत ते आलेले नाहीत, तुझ्याकडं आलेत काय.

विरेशच्या गाडीवर मागं बसून ती कुंभारीला निघाली.  रस्त्यावर मागून गाडी आली की ती वळून बघायची. एक पांढरी जीप बराच वेळ मागं राहिली, मग एका पेट्रोल पंपावर वळली. तोवर तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

घरकुलाच्या गल्लीत एकसारखी एकमजली घरं. ही मुलगी गल्लीला माहितीची होती. एरवी बाया हाक मारून चहाला बोलवायच्या. आज कुणी बोलावलं नाही. उंबऱ्यावर बिड्या वळत बसलेल्या दोघी उठून आत गेल्या. तिप्पण्णाच्या घराच्या भिंतीवर चिखलाचे गोळे मारल्याचे डाग होते. ताजे होते, अजून ओले.

कमलम्मानं तिला आत घेतलं आणि दार लोटलं. कुणी आलं होतं काय, पांढऱ्या शर्टातलं, असं महेश्वरीनं विचारलं. 

“बाहेरचं कोन येतंय आमच्याकडं,” कमलम्मा म्हणाली. “गल्लीतलेच आले हुते. रंभाबाई आली हुती. तिची पोरगी, अंकिता, त्याच दाराशी सापडली की. पोरांनी मोबाइलवर तुझं गानं लावलं, आन् समद्यांनी ह्यांचा आवाज वळखला.”

 सोळा दिवस महेश्वरीला वाटत होतं, की लोक मालकावर चिडताहेत. हजारो अनोळखी लोक चिडलेही होते. पण गेलेल्या चार बायांपैकी तिघींची घरं ज्या गल्लीत होती त्या गल्लीनं गाणं वेगळंच ऐकलं होतं. तिथं कुणी मालक ऐकला नव्हता. तिथं ऐकू आला होता तो शेजारी, जो दीड वर्ष त्यांच्यात उठला बसला, मयताला खांदा देऊन आला, आणि ज्यानं कुलूप लावलं होतं.

आणि त्यापुढचं वाक्य तिला पाठ होतं. रेकॉर्डिंगमध्ये लगेच पुढं तिप्पण्णा म्हणत होता, की रोजच लावायचो, मालकसाहेबाचा हुकूम होता, बेदाणा बाहेर जातो म्हणून. आणि चावी साहेबाच्या खिशात असायची. ते वाक्य होतं. तिनं ते कापलं होतं. गिटार तिथं फार सुंदर पडत होतं म्हणून.

कमलम्मानं सांगितलं, की तिप्पण्णाची बहीण होटगीला असते, पण तिच्याकडं फोन नाही. मग खालच्या आवाजात म्हणाली, “जाताना मला म्हनले, घर सांबाळ. असं कदी म्हनत न्हाईत.”

होटगी हे रेल्वेचं गाव. विरेशनं गाडी वळवली तेव्हा दोघांच्याही मनात एकच होतं आणि ते कुणी तोंडातून काढलं नाही. जंक्शनच्या अलीकडं मालगाडी थांबलेली दिसली आणि रुळांकडं पाच-सहा माणसं उभी होती.   विरेश पळत गेला. महेश्वरी गाडीवरून उतरून रस्त्याकडेच्या बाभळीच्या बुंध्याला धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागली, एक ते अकरा, पुन्हा एक ते अकरा. विरेश परत आला, त्यानं लांबूनच हात हलवला. गँगमन होते. रुळाचं काम चाललं होतं.

तिप्पण्णा बहिणीच्या घराच्या मागं, म्हशीच्या गोठ्याशी बसलेला सापडला. दाढी वाढलेली, अंगावर कालचाच शर्ट. तिला बघितल्याबरोबर तो उठला आणि दोन पावलं मागं सरला. तिला घाबरून माणूस मागं सरतोय, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

“मारायला आलीस काय,” तो म्हणाला. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

ती म्हणाली, मामा, माझं चुकलं. मग भडाभडा सगळं सांगितलं: वाक्य कसं कापलं, का कापलं, पांढऱ्या शर्टातला माणूस, भिंतीवरचा चिखल. आत्ताच्या आत्ता गाणं काढून टाकते म्हणाली आणि मोबाइल बाहेर काढला. त्या गाण्यावरच अल्बम चालला होता, पुण्याचं बोलावणं त्याच्यामुळंच होतं, हे विरेशलाही माहीत होतं. पण त्यानं तिला अडवलं नाही.

तिप्पण्णानं श्वास जमवायला वेळ घेतला. “काडून काय हुतंय आता,” तो म्हणाला. “ऐकलंय की समद्यांनी. सायबाला मी भीत न्हाय पोरी, त्यो काय करंल, मारंल. मला रंभाबाईची भीती वाटती. तिच्या दारावरनं रोज जायाचं असतंय.”

मग त्यानं विचारलं, ते सगळं बोलणं अजून आहे का तुझ्याकडं. ती आहे म्हणाली. बहिणीनं आणलेला चहा गार झाला. शेवटी तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, चला, तितं वाजवू, मी बसतो समोर.

पाच वाजता ते तिघं कुंभारीला पोचले. विरेशनं दुकानातला छोटा स्पीकर वाटेत घेतला होता, पण महेश्वरीनं तो लावू दिला नाही. मोबाइलवरच लावू म्हणाली. तिप्पण्णा स्वतःच्या घरापुढं पायरीवर बसला. माणसं हळूहळू गोळा झाली. दोघंतिघं पुरुष पुढं आले. एकाच्या हातात वीट होती. तो ती नुसती धरून उभा होता, खाली ठेवायचं विसरल्यासारखा.

रंभाबाई सगळ्यात शेवटी आली. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. तिप्पण्णापासून चार हातांवर जमिनीवर बसली. महेश्वरीनं सांगितलं, की गाण्यात आहे ते अर्धं आहे, ते मी तोडलं, ह्यांनी नाही. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांनी काय म्हणाली म्हणून विचारलं. हजारोंपुढं रॅप करायला निघालेली मुलगी, तीस-चाळीस माणसांपुढं तिला वाक्य पुरं करता येईना.

मग तिनं रेकॉर्डिंग लावलं. कुलूप मीच लावलं. गल्लीत कुणीतरी शिवी दिली. आवाज पुढं गेला: हुकूम, चावी, साहेब जेवायला गेलेला. तिप्पण्णा ऑफिसकडं कसा पळाला, तिथं कुणीच कसं नव्हतं, मग पहार कुठून आणली. “आतनं एक पोर मला मामा, मामा म्हनत हुती. मी म्हनलं, थांब, आलो. कडी निगंना. नंतर ती म्हनायची थांबली.” रेकॉर्डिंगमध्ये इथं बराच वेळ नुसती श्वासाची शिट्टी होती.

“ते परत लाव,” रंभाबाई म्हणाली.

महेश्वरीनं लावलं.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकून रंभाबाई तिप्पण्णाकडं वळली. “मामा म्हनली व्हय,” तिनं विचारलं. तो व्हय म्हणाला.  “दीड वर्स तू माज्या दारावरनं गेलास,” ती म्हणाली, “आन् एवढं मला सांगितलं न्हाईस.” मग ती उठली आणि पदर सावरत निघून गेली. तिच्यामागं बाकीचेही पांगले. विटेचा माणूस वीट तिथंच टाकून गेला. क्षमा वगैरे कुणी केली नाही, पण त्या दिवशी कुणी हातही उचलला नाही.

त्या आठवड्यात महेश्वरीनं सातवं गाणं काढलं आणि नवं चढवलं. त्यात शेवटी गिटार नव्हतं, तिप्पण्णाचं कुलपाबद्दलचं सगळं बोलणं होतं, पावणेतीन मिनिटं, साहेबाच्या हुकुमासकट. ह्या वेळी तिनं आधी त्याला ऐकवलं, कमलम्माला ऐकवलं, आणि मगच. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी कुरकुर केली, की पहिलं जास्त जबरदस्त होतं. पुण्याच्या लोकांनीही विचारलं, की स्टेजवर पहिलंच घेता येईल का. ती नाही म्हणाली आणि मग दोन दिवस त्यांचा फोन येतो का बघत राहिली. लॅबमधल्या डॉक्टरांनी तिला आत बोलावून सांगितलं, की आता हे जरा आवर. पांढऱ्या शर्टातला माणूस आणखी एकदा दुकानात येऊन गेला. ह्या वेळी त्यानं स्पीकरही बघितले नाहीत.

कुलपाची चौकशी पुन्हा सुरू झाली आणि पुढच्या मंगळवारी तिप्पण्णाचा जबाब होता. सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर तो, कमलम्मा आणि महेश्वरी साडेदहापासून बसले होते. जिन्यावर बुटांचा आवाज आला की तिघंही माना वळवायचे. अकराच्या सुमाराला रंभाबाई जिना चढून आली.  बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पिशवीतला अंकिताचा फोटो काढून मांडीवर ठेवला.

आत जबाब घ्यायला सव्वा तास लागला. कारकुनानं सगळं वाचून दाखवलं आणि कागद पुढं सरकवला. तिप्पण्णाची पहिली, कानडीतली सही ओळीबाहेर गेली. कारकून म्हणाला, आजोबा, परत करा, आणि मराठीत करा. तिप्पण्णानं नाही म्हणून मान हलवली. शाळेत दोनच वर्षं गेलो होतो, तेही कानडी, म्हणाला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर मोठं काढत, कानडीत आपलं पूर्ण नाव लिहिलं.