ज्वारीवर टांगलेला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. वरून काळी, आतून लांबलचक फितीची. माझ्या फितीला अजून पोपटांच्या शिटेचा वास येतो, तेव्हा नाकाला रुमाल लावूनच माझी गोष्ट ऐका. मला स्वतःचीच किळस येते, तिथं तुम्हाला का दोष देऊ?

माझ्या पोटात एक जुना कृष्णधवल सिनेमा आहे. तो वेरूळकडं चित्रित झाला, तेव्हा नदीच्या प्रसंगासाठी गावातल्या पोरींना घागरी देऊन उभं केलं होतं. अगदी डाव्या कडेला आशा नावाची परकरी पोर होती. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. आशानं बघितलंच. वर हसलीही.

पुढं ती बजाजनगरच्या बद्रीनाथांची बायको झाली, आणि लेक सोमनाथ पाळण्यात असतानाच तापानं गेली. मागं उरला लग्नातला एक फोटो, त्यातही मान खाली घातलेली. मग मी जिथं भाड्यानं मिळे ती कॅसेट लायब्ररी बंद पडली, तेव्हा बद्रीनाथांनी मला घरी आणलं. दर पौषात, तिच्या तिथीला, पान वाढण्याआधी मला लावत. नदी आली की घर गप्प होई. ती हसून बघे, आणि लहानगा सोमनाथ तिला हसून दाखवी. ती पडद्यावरून गेली की बद्रीनाथ मला तिथंच थांबवत. म्हणत, आपला सिनेमा एवढाच. पुढल्या वर्षी जरासं मागं नेलं की ती पुन्हा हजर. किती जपत मला! मऊ फडक्यानं पुसत, फडताळात उभी ठेवत.

मग घरात मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेले. तिथं झुरळांनी माझ्या खिडकीत अंडी घातली, उंदरांनी खोक्यात लेंड्या टाकल्या. वर्षातून एकदा खाली येई, तेव्हा सून मेघा मला दोन बोटांच्या चिमटीत धरी. तिला काय बोलू? मी होतेच तशी.

यंदा शेंद्र्याच्या रानात ज्वारीची कणसं भरली आणि पोपटांची धाड आली. पिकावर चकचकीत फीत ताणली की ती वाऱ्यात गुणगुणते, आणि पाखरं बुजतात. शेजारच्यांनी तसंच केलं होतं. नाना, म्हणजे बद्रीनाथ, थोरल्या लेकीकडं गेलेले. सोमनाथनं मला खाली काढलं.

"अहो, सासूबाई हायेत ना त्यात," मेघा म्हणाली.

"आगं, अख्खा पिच्चर मोबाइलवर हाये. ह्या डब्ब्यात आता झुरळंच राह्यलीत."

त्यानं झाकण उचलून बोट घातलं आणि ओढलं. मी जिथं थांबले होते, तिथूनच. पुरेशी फीत तोडून तो रानात घेऊन गेला. उरलेला डबा घराच्या खिडकीत पडून राहिला.

तिथीला नाना परतले. सोमनाथनं मोबाइलवरचा सिनेमा मोठ्या टीव्हीवर लावला. मित्रांनो, काय ते ध्यान! कुणीतरी त्याला रंग फासले होते, मढ्याला लाली-पावडर लावावी तसे. नदी चटणीसारखी हिरवी, माणसं कावीळ झाल्यागत पिवळी. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं होतं आणि कडा कापून टाकल्या होत्या.

नदी आली. डाव्या कडेला एक कोपर दिसलं, घागरीचा काठ दिसला. बस.

नानांनी ते मागं घ्यायला लावलं. पुन्हा कोपर.

"सोमनाथ," ते हळूच म्हणाले, "तुझी माय कुठंय?"

सोमनाथनं फितीचं काय केलं ते सांगितलं, आणि पान तसंच झाकून दोघं शेंद्र्याला गेले. रानात माझी फीत बाभळीच्या काठ्यांना बांधलेली होती, पीळ पडलेली, धुळीनं माखलेली. पोपटांची भीड तर कधीच चेपली होती. माझ्याखालीच बसून ते दाणे टिपत होते आणि माझ्यावरच घाण करत होते. पिकाची राखण नाही, सिनेमा नाही. नुसती विटंबना.

नाना उपरण्यानं वीत वीत फीत पुसू लागले. सोमनाथ गाठी सोडत होता. फितीवर डोळ्यांना चित्र दिसत नाही, काळं ते काळंच.

"नाना, ह्यातली कुठली असंल ती?"

"सगळी तीच हाये असं समज, अन् पूस."

पुढं शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं मला सांधलं. आवाज गेला तो गेलाच. चित्रावर पांढऱ्या रेघा उठतात. पण मला पुन्हा लावतात तेव्हा डाव्या कडेला आशा येते. मान वळवते. सरळ आपल्याकडं बघते. तिचे ओठ हलू लागतात आणि नेमका तिथं सांधा येतो. हसू रानातच कुठं तरी गळून पडलं.

मित्रांनो, एवढंच मागते. जुना सिनेमा दुसरीकडं मिळतो, म्हणून घरातला उकिरड्यावर टाकू नका. आधी तो एकदा पुन्हा पाहा, अगदी कडेपर्यंत. कडेला कोण उभं असेल, सांगता येत नाही.

सोमनाथ आता दर वेळी सांध्यापाशी पुढं वाकतो. आणि तिच्या वाटचं हसून दाखवतो.