ओळ पाचशे चाळीस

मी एक जुना डिबगर आहे. मित्रांनो, हे नाव तुम्हाला नवखे वाटेल. दुसरा प्रोग्रॅम एकेक ओळ चालवून त्याची चूक दाखवणारा मीही एक प्रोग्रॅमच. धाराशिवच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकात मी राहतो.

तिथे बियाणे रुजवायची एक पेटी आहे. तिचे तापमान बेसिक भाषेतला एक प्रोग्रॅम सांभाळतो. दर मिनिटाला ‘गोसब’ ही आज्ञा येते आणि तो पेटी थंड ठेवणारा पंखा पाहणाऱ्या छोट्या भागाकडे, म्हणजे सबरूटीनकडे जातो. जाताना परतायची जागा टिपून ठेवतो. ‘रिटर्न’ आले की तिथे परततो आणि टिपण पुसतो. पूर्वी विद्यार्थी माझ्या मदतीने ही ये-जा कौतुकाने पाहत. नवे संगणक आले आणि मला कोणी उघडेना.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या नंदीश सरांनी त्या प्रोग्रॅममध्ये घाईत एक ओळ घातली. पेटी फार तापली, तर रिटर्नपर्यंत न थांबता थेट सुरुवातीला जा. त्यामुळे टिपणे पुसली जाईनात, साठत गेली. एका शनिवारी दुपारी मेमरी भरली. प्रोग्रॅम थांबला, पंखाही थांबला. पेटीत महिनाभर जपलेली ज्वारीची रोपे करपली.

सोमवारी सर झाडलोट करणाऱ्या पुतळाबाईंवर ओरडले, “झाडताना पेटीचं बटण तुम्हीच बंद केलं!”

“न्हाय सर. म्या त्या बटनाला हातबी लावला न्हाय.”

“मग काय भूत आलं होतं?”

पुतळाबाईंचे अकरा वर्षांचे काम त्या दिवशी सुटले. मी तिथेच होतो. पण मला आपणहून बोलता येत नाही. कोणी चालवले तरच दाखवता येते.

गुरुवारी चैताली नावाच्या विद्यार्थिनीने प्रोग्रॅम का थांबला ते शोधायला मला चालवले. परतीच्या जागांची यादी दर फेरीला रिकामी व्हायला हवी होती. ती वाढत होती. सात, आठ, नऊ. चूक सरांनी घातलेल्या ओळीत, ओळ ५४० वर होती. सरांनी ती खोडली.

“आणि पुतळामावशी?” तिने विचारले.

“अगं, नवीन बाई लागल्यात कामाला. आता कशाला उकरतेस?”

शनिवारी पुतळाबाई राहिलेला डबा न्यायला आल्या. चैतालीने जपून ठेवलेली ती यादी त्यांना पडद्यावर दाखवली.

“मावशी, बघा. तुमची चूक नव्हती.”

“मला कशाला दावतीस, पोरी? मला ठावंच व्हतं.”

डबा पिशवीत घालून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, माणसावर बोट ठेवण्याआधी आमच्यासारख्यांना एकदा उघडून पाहा. दहा मिनिटांचे काम असते. त्या सोमवारी ती दहा मिनिटे कोणी दिली नाहीत.