दारातला वास

“माझी ताई म्हणते, तुम्ही हा प्रयोग दरवर्षी फळ्यावरच उरकता. या वेळी खराखुरा करून दाखवा ना बाई!” पहिल्या बाकावरची चौकडी हटून बसली, आणि विज्ञानाच्या बाईंचा नाइलाज झाला.

प्रयोग तसा पोरखेळच. दारंखिडक्या लावायच्या, टेबलावर अत्तराचा बोळा ठेवायचा, वास आला की हात वर करायचा. डोळ्यांना न दिसणारे कण हवेत कसे पसरतात ते मुलांना कळतं. पण या वर्गाच्या दारापाशी बाईंना अप्पांचा वास यायचा.

अप्पा म्हणजे बाईंचे वडील. जन्मभर लोकांच्या शेतात राबले, पाठीवर पंप घेऊन पिकांवर औषध फवारत राहिले. संध्याकाळी लेक धावत आली की लांबूनच हात आडवा करायचे. “थांब! अंगाला औषध आहे.” मग घसाघसा अंघोळ, आणि तोवर लेक झोपलेली. लाड झाले ते सगळे लांबूनच. शिकवलं मात्र पोटाला चिमटा काढून.

बाई नोकरीला लागल्या त्या दिवशी ते कामावरून तसेच शाळेत आले आणि याच वर्गाच्या उंबऱ्याबाहेर थांबले.

“या ना आत.”

“नको गं. आत पोरं आहेत. उद्या येतो, चांगली अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा श्वास अडकला तो अडकलाच. तेव्हापासून दार बंद असलं तरी तो उग्र दर्प यायचा. कण तर केव्हाच विरले, आता उरणार काय, असं बाई स्वतःला बजावायच्या. दुसऱ्या कुणाला विचारायचा मात्र धीर होत नव्हता. ‘नाही’ म्हणाले तर आपलं डोकं फिरलं म्हणायचं. आणि ‘हो’ म्हणाले तर? आज अख्ख्या वर्गालाच वास येतोय का म्हणून विचारायचं होतं.

बोळा ठेवला. पुढचे हात वर झाले, मग मधले. दाराजवळच्या मुलीनं हात अर्धवट उचलला.

“बाई, मला अत्तराचा नाही येत. औषधाचा येतोय. फवारतात ना, त्या.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दारापर्यंत गेल्या आणि कडी काढली.

बाहेर पाठीवर पंप घेतलेला एक माणूस उभा होता. उंबऱ्यावर डबा ठेवून तो चटकन मागे सरकला.

“पोरगी डबा विसरली बघा. दार लावलेलं होतं, म्हणून थांबलो.”

“आत या ना,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“नको बाई. अंगाला औषध आहे. आत पोरं आहेत.”

त्याचं बरोबरच होतं, विज्ञानाच्या बाई नाही कशा म्हणणार? त्यांनी कोपऱ्यातली बादली, तांब्या आणि साबण उचलला आणि स्वतःच उंबऱ्याबाहेर आल्या.

“अहो, तुम्ही कशाला...”

“धरा हात.”

मास्तरकीचा आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं हात पुढे केले. कोपरापर्यंत फेस झाला. बाई ओतत राहिल्या. बादली रिकामी झाली तरी हातातला तांब्या तिरकाच होता.

तो फाटकाबाहेर दिसेनासा झाला. वास दारात होताच. बाईंनी दार उघडंच ठेवलं.

“आता सांगा, औषधाचा वास कुणाकुणाला आला?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दाराजवळची ती मुलगी बापानं आणलेला डबा पोटाशी धरून खाली बघत राहिली. मग बाईंनीच आपला हात वर केला, आणि तिचा वर येईपर्यंत खाली घेतला नाही.