ओकवर हिरवा हात

नवी हँडलं काही केल्या बसेनात, तेव्हा रोझॅनने स्क्रूड्रायव्हर बेसिनमध्ये आपटला. कपाटाच्या दारांवरची जुनी भोकं जवळ जवळ, नव्या हँडलांची लांब लांब. म्हणजे आता जुनी भोकं पुट्टीने बुजवा, घासा, पुन्हा रंगवा. नवं कपाट घ्यायची ऐपत असती तर ती बाथरूमच्या फरशीवर फतकल मारून कशाला बसली असती?

हा कोपरा तिला या घरात आल्यापासून खुपत होता. ठिबकणारा नळ, चौकटीवाचून भिंतीला डकवलेला आरसा आणि बेसिनखाली ते पिवळट ओक लाकडाचं कपाट. ते सासऱ्यांनी, ऑर्विल टॉर्गेरसननी, स्वतःच्या हातांनी केलेलं. घर मुलाला देऊन ते तळ्याकाठच्या लहान घरात राहायला गेले होते, पण रोज सकाळी छोट्या नातीला, टिलीला, सांभाळायला येत. म्हणून तर रोझॅनला दाताच्या दवाखान्यात नोकरी करता येई. पाळणाघर परवडणारं नव्हतं आणि टिलीला ग्रँपाशिवाय घास उतरत नसे.

त्यांचं मन राखायचं म्हणून तिने रंगाचे नमुने मुद्दाम त्यांच्यापुढे धरले होते. "ऑर्विल, यातला कुठला हिरवा?" चष्मा वरखाली करून त्यांनी एकावर बोट ठेवलं होतं. "हा काही वाईट नाही." मिनेसोटात कौतुक याच्या पुढे जात नाही, एवढं न्यू जर्सीची रोझॅन एव्हाना शिकली होती.

शेवटी एकदाचं काम उरकलं. आरशाला लाकडी पट्ट्यांची चौकट, सवलतीच्या ढिगातून उचललेला काळा नळ आणि गर्द हिरवं कपाट. ऑर्विल दारात उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"अं... वेगळं आहे हं."

हा शब्द रोझॅन ओळखून होती. तिने मिरच्या घालून ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची डिश 'वेगळी' होती. त्यांनी पुन्हा वाढून घेतली नव्हती. गिटार वाजवणारे नवे पाद्री 'वेगळे' होते. अर्धं गाव दुसऱ्या चर्चला जायला लागलं होतं.

"तुझ्या वडिलांना आवडलं नाही," ती जेवताना आर्नीला म्हणाली.

"कुठे काय म्हणाले ते?"

"वेगळं आहे म्हणाले!"

आर्नीचा घास हातातच राहिला. "अरे देवा."

"मग विचार ना त्यांना!"

"असं कसं विचारायचं? ते थोडेच सांगणार आहेत?"

"मग तुमच्या घरात कुणाला काही कळतं तरी कसं?"

"कळतं गं," तो म्हणाला. "उशिरा कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "आज जरा जमणार नाही. बोटीचं इंजिन बघायचंय."

"तळं गोठलंय, ऑर्विल."

"हो ना. म्हणूनच निवांत बघता येतं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं गॅरेज आवरायचं निघालं. टिली खिडकीच्या काचेला नाक लावून बसली. रोझॅनने पुन्हा रजा मागितली, तेव्हा डॉक्टर नुसतेच "बरं" म्हणाले. तो "बरं" ऐकून तिने फोन ठेवला, टिलीला बर्फात घालायच्या कपड्यांत कोंबलं आणि गाडी काढली.

ऑर्विलनी दार उघडलं, कॉफी ओतली, टिलीपुढे केक ठेवला. रोझॅन बसली नाही.

"तुम्हाला राग आलाय."

"छे, छे."

"कपाट आवडलं नाही."

"आता, रंग तसा चांगला बसलाय..."

"हो की नाही, ऑर्विल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ओकला रंग फासतं का कुणी?" आवाज एकदम चढला. "अख्खा हिवाळा घासलं होतं मी ते! लाकडाची रेष न् रेष दिसायची. वाईट दिसतंय, पोरी. फार वाईट."

"मग तेव्हाच का नाही बोललात? नमुने तुमच्या नाकासमोर धरले होते मी!"

"तू विचारलंस, कुठला हिरवा. रंगवू का, असं कुठे विचारलंस?"

खरंच होतं ते.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच. पण तुमच्या लाकडावर पाणी उडेल म्हणून टिलीला मी धड हात धुऊ देत नव्हते. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागत होते."

"हे तूही बोलली नाहीस कधी."

"नाही बोलले."

टिली त्यांच्या मांडीवर चढून केकचा चुरा त्यांच्या शर्टावर सांडत होती. तिला त्यांनी सावरून धरलं.

"काढून टाकू का रंग?" रोझॅनने विचारलं.

"नको. आता आणखीच वाईट दिसेल." त्यांनी शर्टावरचा चुरा झटकला. "खण अडकतोय ना? कडांनाही रंग लावलायस तू. उद्या पॉलिश पेपर घेऊन येतो. कडा तरी लाकडाच्या राहू देत."

"राहू देत. आणि बाकीचा हिरवा?"

"होईल सवय," ऑर्विल कुरकुरले. "रोज बघावाच लागणार आहे."

रोझॅनने खुर्ची ओढली आणि कोट काढला.